कॅमेऱ्याचं इश्यू रजिस्टर मागून बघा

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात चित्रपट आणि छायाचित्रणाच्या पदवी परीक्षेला एक्स्टर्नल म्हणून गेले होते. लॅबमध्ये काचेचं कपाट होतं. आत चांगले कॅमेरे, चार-पाच लेन्स, एक भारी ट्रायपॉड. लेन्सच्या डब्यांवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने दाखवलेली फिल्म मात्र मोबाइलवर घेतलेली होती. "कपाटातला कॅमेरा का नाही घेतलास गं?" असं विचारलं, तर ती लॅब असिस्टंटकडे बघून गप्प राहिली. मग मी इश्यू रजिस्टर मागवलं. अख्ख्या सत्रात सहा नोंदी होत्या आणि त्यातल्या चार स्नेहसंमेलनाच्या!

त्या मुलीला मी गुण दिले, पण तिच्या तीन वर्षांचं काय, हा प्रश्न मनातून गेला नाही. म्हणून बारावीनंतर या पदवीला जाऊ पाहणारी मुलं आणि त्यांचे आईवडील सल्ल्याला आले की मी माहितीपत्रक बाजूला ठेवायला सांगते. त्यातले चकचकीत स्टुडिओचे फोटो कुणीही छापू शकतं. पदवी जोखायची ती मुलाच्या हातात किती वेळा काम पडणार, ते किती वेळा फसणार आणि फसलेलं काम कुणी जाणता माणूस शेजारी बसून बघणार का, यावर.

आधी कागदाचं बघून घेऊ, कारण तिथे फसगत झाली तर पुढचं सगळं वाया जातं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातलं कलम २२ स्पष्ट आहे: पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने तसा खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. अनेक खासगी अकादम्या शिकवतात स्वतःची पदविका आणि जोडीला कुठल्या तरी दूरच्या विद्यापीठाची बी.ए. देतात. त्यात सरसकट गैर काही नाही. पण गुणपत्रिकेवर कुणाचं नाव येणार, परीक्षा कोण घेणार आणि त्या विद्यापीठाला हा अभ्यासक्रम इथे चालवण्याची परवानगी आहे का, हे तिन्ही प्रश्न प्रवेशाचे पैसे भरण्याआधी विचारायचे. आयोग बनावट विद्यापीठांची यादी जाहीर करतो, तीही बघायची.

आपल्याकडे या पदवीची नावंही नाना आहेत. बी.ए., बी.एफ.ए., बी.डेस., बी.व्होक. अशा वेगवेगळ्या छत्राखाली हा विषय शिकवला जातो. मुंबई विद्यापीठातला पूर्वीचा बी.एम.एम., म्हणजे आताचा बी.ए.एम.एम.सी., हा मुळात जनसंवादाचा अभ्यासक्रम आहे. जाहिरात, पत्रकारिता यांच्या शेजारी छायाचित्रण आणि चित्रपट तिथे काही विषयांपुरते येतात. उपयोजित कलेच्या बी.एफ.ए.तही छायाचित्रण हा निवडीचा विषय असू शकतो, पण त्या अभ्यासक्रमाचा पाया रेखाटनाचा आणि मांडणीचा असतो. म्हणून नावावर न जाता सगळ्या सत्रांची विषयवारी समोर घेऊन बसावं.

इथे थोडा हिशेब करावा लागतो, तो घरी वहीवरही होतो. नव्या श्रेयांक पद्धतीत तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तास आणि प्रात्यक्षिकाचा एक म्हणजे ३० तास. समजा, अभ्यासक्रमात कॅमेऱ्याच्या प्रात्यक्षिकाचे ३० श्रेयांक आहेत. म्हणजे तीन वर्षांत ९०० तास झाले. ऐकायला भरपूर वाटतात. आता वर्गात मुलं ६० आणि कॅमेरे ४ असले, तर एका कॅमेऱ्यामागे १५ मुलं. ९०० ला १५ ने भागलं की प्रत्येकाच्या वाट्याला ६० तास उरतात, तीन वर्षांत मिळून! चित्रपटाचं काम गटानेच होतं हे मान्य, पण व्ह्यूफाइंडरला डोळा एका वेळी एकाचाच लागतो. त्यामुळे कॅमेरा कुठल्या मॉडेलचा आहे यापेक्षा तो संध्याकाळी आणि रविवारी घरी नेऊ देतात का, हे महत्त्वाचं ठरतं.

"पण मग आधी साधी पदवी घेऊन नंतर पुण्याच्या एफटीआयआयला गेलं तर?" हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेल्या या संस्थेत दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांना पदवीधर घेतात, आणि पदवी कुठल्याही शाखेची चालते. २०२४ मध्ये कान महोत्सवात विद्यार्थी चित्रपटांच्या विभागात पहिलं पारितोषिक मिळवणारे चिदानंद नाईक वैद्यकीय पदवीधर आहेत. त्यांची ती फिल्म याच संस्थेतल्या एका वर्षाच्या दूरचित्रवाणी अभ्यासक्रमात तयार झाली. म्हणजे चित्रपटाची बी.ए. नसली म्हणून कुठलं दार बंद होत नाही. तरीही मी या पदवीच्या बाजूने बोलते. अठरा ते एकवीस या वयात माणूस न लाजता चुका करू शकतो. पुढे पोटापाण्याला लागल्यावर चुकायची मुभा कुणी देत नाही. ही तीन वर्षं खरोखर चुकायला मिळणार असतील, तर ती मोलाची आहेत.

चुका कशा शिकवल्या जातात हे मी डार्करूममध्ये पाहिलं. रोलमध्ये ३६ फोटो. ते धुऊन झाले की सगळ्या निगेटिव्ह एकाच कागदावर छापायच्या, ती कॉन्टॅक्ट शीट. आमचे सर मोठा केलेला सुंदर फोटो हातातही घेत नसत. ते शीट मागायचे आणि भिंग लावून अकराव्या फोटोवर बोट ठेवायचे. "इथे तू दोन पावलं पुढे का नाही गेलीस?" त्या एका प्रश्नाने मला जे शिकवलं ते पुस्तकांनी शिकवलं नाही. आज डार्करूम नसली तरी चालेल. पण महाविद्यालयात गेलात तर तिथल्या मुलांना विचारा की सर, मॅडम तुमचं सगळं फुटेज बघतात की फक्त शेवटची फिल्म. सगळं फुटेज बघणारा एक शिक्षक असेल, तर ती पदवी माझ्या लेखी निम्मी जिंकली.

आणि आवाज ऐका. हल्ली स्वस्त कॅमेऱ्यातूनही चित्र देखणं येतं, त्यामुळे पडद्यावर मुलांची फिल्म बघून महाविद्यालयाची पारख होत नाही. डोळे मिटून ऐकली की होते. संवादांमागे पंख्याची घरघर, दोन शॉट्समध्ये बदलणारा रस्त्याचा गलका, सगळं झाकायला वरून ओतलेलं संगीत, असं असेल तर तिथे ध्वनी शिकवणारं कुणी नाही असं समजा. या एका विषयाला पूर्णवेळ शिक्षक आहे का, एवढं तरी विचाराच.

बघण्याचाही तास हवा. दर आठवड्याला मोठ्या पडद्यावर, अंधारात, मध्ये न थांबवता एक चित्रपट आणि नंतर चर्चा. १९६४ पासून पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पुण्यातल्या एखाद्या महाविद्यालयाची मुलं तीन वर्षांत तिथे एकदाही गेली नसतील, तर मला त्याचं वाईट वाटतं.

एक गोष्ट कुणीच विचारत नाही, ती म्हणजे फिल्म कुणाच्या मालकीची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. चित्रपटाचा कर्ता मात्र निर्माता. महाविद्यालयाने पैसे घातले असतील तर तुमच्या फिल्मवर ते हक्क सांगू शकतं. महोत्सवाला पाठवता येईल का, शोरीलमध्ये, म्हणजे स्वतःच्या निवडक कामाच्या चित्रफितीत, घालता येईल का, हे आधी लेखी घ्यावं. कामासाठी गेल्यावर लोक गुणपत्रिकेआधी शोरील बघतात. दादासाहेब फाळके जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते. पण १९१२ मध्ये भांडवल उभं करताना त्यांनी दाखवला तो कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपलेला छोटा चित्रपट.

गेल्या जूनमध्ये माझी भाची दोन महाविद्यालयं बघून आली. पहिल्या ठिकाणी रजिस्टर मागितल्यावर "ते ऑफिसात आहे, प्राचार्यांची परवानगी लागेल" असं उत्तर मिळालं. दुसरीकडे कॅमेरे जुने होते, पण रजिस्टर टेबलावरच पडलेलं होतं, कोपरे दुमडलेलं, चहाचे डाग पडलेलं. तिने दोन पानांचे फोटो पाठवले. पहाटे पाच चाळीसची नोंद, नदीघाटासाठी. रात्री साडेनऊला परत. एका ओळीपुढे शेरा: फिल्टर फुटला, चौघांनी भरपाई केली. "मावशी, इथेच घेऊ ना?" तिने विचारलं. विद्यापीठाची संलग्नता तपासून झालीच होती. दिवाळीत आली तेव्हा तिच्या बॅगेत तिसऱ्या गटाचा ट्रायपॉड होता, एक पाय सैल झालेला. सुट्टी संपायच्या आत दुरुस्त करून द्यायचं तिने रजिस्टरमध्ये लिहून दिलं होतं.