सीमाभागातल्या साक्षी: बेळगाव-निपाणीकडच्या ख्रिस्ती बाया आणि त्यांची श्रद्धा

मराठी प्रोटेस्टंट उपासनेत, विशेषतः आठवड्यात कुणाच्या तरी घरी भरणाऱ्या प्रार्थना सभेत, एक वेळ साक्षीसाठी राखलेली असते. गाणं होतं, शास्त्रवाचन म्हणजे बायबलचं वाचन होतं, मग पाळक विचारतात, कुणाला साक्ष द्यायची आहे का? बहुतेक वेळा आधी उठतात त्या बायाच. पदर सारखा करून बाई उभी राहते आणि आपल्या आयुष्यात देवानं काय केलं ते सांगते. मुलाचा ताप, नवऱ्याची दारू, सुटलेली नोकरी, तुटलेलं लग्न. पाच-सात मिनिटं सगळे ऐकतात. मध्ये कुणी बोलत नाही.

सासरी, शेतावर, तंबाखूच्या वखारीत, इतकी सलग मिनिटं त्या बाईचं कुणी ऐकून घेतलेलं असेलच असं नाही. श्रद्धेतून ख्रिस्ती बाईला आशा आणि स्वतःची ओळख कशी मिळते, हे कळायला सिद्धान्तांपेक्षा या साक्षीकडे पाहणं मला जास्त उपयोगाचं वाटतं. आपली गोष्ट आपल्या तोंडानं, चारचौघांत, आपल्या भाषेत सांगायचा हक्क श्रद्धेनं तिला दिला. चर्चनं त्या हक्काचा मान नेहमी राखला का, हा वेगळा प्रश्न. त्याकडे शेवटी येऊ.

ही मंडळी आली कुठून

बेळगाव जिल्ह्यात ख्रिस्ती लोक एक टक्क्याहूनही कमी आहेत, पण त्यांच्यात विविधता भरपूर आहे. खानापूर आणि बेळगावच्या कॅथलिक घरांची मुळं बरीचशी गोव्यात सापडतात. त्यांच्या घरात कोंकणी, शेजारी मराठी आणि कचेरीत कन्नड चालते. बेळगावचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत 1953 साली झाला.

प्रोटेस्टंट मंडळ्यांची कहाणी निराळी. 1820 मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेळगावच्या छावणीत आले. पुढे 1904 च्या सुमारास हे काम मेथडिस्टांकडे गेलं. उत्तरेला कोल्हापुरात 1852 पासून रॉयल वाइल्डर यांनी अमेरिकन मिशनचं काम उभं केलं, ते नंतर प्रेस्बिटेरियन मंडळींच्या हाती आलं आणि सांगली, मिरज, कोडोली करत निपाणीपर्यंत पोहोचलं. म्हणजे ख्रिस्ती नकाशावर निपाणी बेळगावपेक्षा कोल्हापूरला जवळची.

1956 मध्ये हा भाग म्हैसूर राज्यात गेला. 1967 च्या, सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं म्हटलं होतं, पण तो अहवाल महाराष्ट्रानंच नाकारला. मुलं कन्नड शिकतात, आजी मराठी शास्त्र वाचते, अशी घरं इथे ख्रिस्ती आणि बिगर-ख्रिस्ती दोन्ही समाजांत आढळतात. शाळा बदलली, पाट्या बदलल्या, पण प्रार्थना आईच्या भाषेतच राहिली. मराठी टिकवण्याचं श्रेय वाटताना या उपासनांची आठवण फारशी कुणाला होत नाही.

बेळगावचा मुलगा आणि त्याची यमुना

मराठीतली पहिली कादंबरी मानली जाणारी ‘यमुनापर्यटन’ 1857 साली आली. तिचे लेखक बाबा पदमनजी. जन्म बेळगावातला, 1831 चा. सुरुवातीचं शिक्षण तिथल्याच मिशन शाळेत झालं आणि 1854 मध्ये बाप्तिस्माही बेळगावातच झाला.

कादंबरीची नायिका यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते. गावोगावी तिला विधवा भेटतात. केशवपन झालेल्या, कोपऱ्यात बसवलेल्या, कुणाच्या तरी वासनेला बळी पडलेल्या. मग तिचा स्वतःचा नवरा जातो आणि जे ती पाहत होती ते तिच्याच वाट्याला येतं. शेवटी ती उघडपणे ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते.

पुस्तक प्रचारासाठी लिहिलं आहे, हे कुठेही लपत नाही. शेवट फारच सोयीचा आहे. तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सीमाभागातला एक तरुण आपल्या नव्या श्रद्धेबद्दल सांगायला बसला, तेव्हा त्यानं बाईचं आयुष्य मध्यभागी ठेवलं. ख्रिस्ती होण्यात आशा कसली, या प्रश्नाला त्यानं परलोकाचं उत्तर दिलंच, पण त्याआधी केस, कपडे, अन्न आणि दुसरं लग्न यांबद्दल लिहिलं. उणीव एवढीच की यमुनेची साक्ष एका पुरुषानं लिहिली होती. बायांनी स्वतः लिहायला आणखी काही वर्षं जावी लागली.

बायबलबाई

दरम्यान बोलायला मात्र त्यांनी सुरुवात केली होती. एकोणिसाव्या शतकातल्या मिशनांत ‘बायबल वुमन’ नावाचं एक पद होतं. आपल्याकडे तिला बायबलबाई म्हणत. गोरे मिशनरी आणि देशी पाळक बहुतेक पुरुष, त्यामुळे घराच्या आतल्या दालनापर्यंत त्यांना जाता येत नसे. तिथे या बाया जात. हातात शास्त्र, एखादं अंकलिपीचं पुस्तक, कधी शिवणकाम. वाचून दाखवायचं, अक्षरं शिकवायची, आजारी बाळंतिणीकडे लक्ष द्यायचं.

त्यांच्यातल्या कित्येक विधवा किंवा टाकलेल्या होत्या. महिन्याचा तुटपुंजा का होईना पगार, गावात एकटीनं फिरण्याची मुभा आणि लिहिता-वाचता येणं, या तीन गोष्टी त्या काळी एका खालच्या मानलेल्या जातीतल्या बाईच्या हाती एकत्र येणं किती दुर्मीळ होतं, हे आज ध्यानात येत नाही. मिशनच्या अहवालांत त्यांची नावं मात्र क्वचित येतात. मिशनरी बाईंचं पूर्ण नाव आणि ‘त्यांच्या दोन बायबलबाया’, असा एकूण हिशेब.

नाव टिकलेल्या थोड्यांपैकी एक सुंदराबाई पवार. पुण्यात त्यांनी अशा कामासाठी बायांना तयार करणारं घर चालवलं, पंडिता रमाबाईंना साथ दिली आणि सरकारच्या अफूच्या व्यापाराविरुद्ध इंग्लंडमध्ये जाऊन भाषणं दिली. राज्यकर्त्यांचाच धर्म पत्करलेली बाई त्यांच्याच देशात उभी राहून त्यांना धंद्याबद्दल सुनावते, हे चित्र ‘साहेबाचा धर्म’ म्हणून सगळं एका वाक्यात उडवून लावणाऱ्यांनी जरूर पाहावं.

रमाबाई: दोन्हीकडे न वाकलेली

पंडिता रमाबाई आपण पुण्याच्या आणि केडगावच्या मानतो. जन्म मात्र आजच्या कर्नाटकातला, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात, 1858 चा. आईनं संस्कृत शिकवलं. दुष्काळात आईवडील गेले, नंतर बहीण, मग भाऊ, आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी आणि त्यांच्या छोट्या मुलीनं, मनोरमानं, बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयामागची एक गोष्ट त्यांनीच पुढे सांगितली. लंडनजवळ फुलहॅमला जोगिणी ‘पतित’ म्हटल्या गेलेल्या बायांसाठी घर चालवत. समाजानं टाकलेल्या बायांना इतक्या मायेनं वागवलेलं रमाबाईंनी आधी पाहिलं नव्हतं. असं का करता, असं विचारल्यावर तिथल्या एका जोगिणीनं त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेल्या, परक्या जातीच्या, भर दुपारी एकटी पाण्याला आलेल्या त्या बाईशी येशू बोलतो, तिच्याकडे पाणी मागतो आणि आपण कोण हे तिला सांगतो. मग ती गावात जाऊन लोकांना सांगते. साक्ष देणाऱ्या पहिल्या बायांपैकी ती एक. पाणवठ्यावरून हाकललं जाण्याचा अनुभव गाठीशी असलेल्या आपल्याकडच्या बायांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

बाप्तिस्म्यानंतर रमाबाई निमूट झाल्या असत्या तर मिशनला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिनमध्ये मजकूर का, संस्कृतात का नको, असा वाद त्यांनी घातला. तरुण मुलग्यांना बाईनं शिकवू नये असं बिशपांचं मत पडलं, तेव्हाही त्या हटल्या नाहीत. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडात मान घालणार नाही, या आशयाचं त्यांनी आपल्या गुरुबाई सिस्टर जेराल्डिन यांना स्पष्ट कळवलं. पुण्यात ‘केसरी’ त्यांच्यावर तुटून पडत होता आणि इंग्लंडमध्ये त्यांच्या गुरुबाई नाराज होत्या. इतकं एकटं पडूनही ‘माझा विश्वास माझा आहे’ म्हणणं, याला मी आध्यात्मिक ओळख म्हणेन.

पुढे त्यांनी उभारलेल्या केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली वाढल्या. 1905 मध्ये तिथे प्रार्थनेची मोठी लाट उठली आणि मुली मोठमोठ्यानं, रडत, हसत, स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करू लागल्या. ते पाहून काही मिशनरीही बावरले. मनोरमानं गुलबर्ग्याला शाळा सुरू केली, म्हणजे काम कर्नाटकात परत आलं.

शेवटची बरीच वर्षं रमाबाई बायबलच्या भाषांतरात गुंतल्या होत्या. चालू मराठी बायबल त्यांना खेड्यातल्या बाईसाठी जड वाटे, म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळं शास्त्र सोप्या मराठीत आणलं. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत काम मुक्तीतल्या बायांनी केलं. 1922 मध्ये रमाबाई गेल्या. ज्या चर्चला साध्या बाईची काळजी आहे, त्या चर्चमध्ये हे भाषांतर रोजच्या वाचनात कधी रुळलं नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

लक्ष्मीबाईंचा उलटा रस्ता

रमाबाई विचार करत आत आल्या, तर लक्ष्मीबाई टिळक ओढल्या गेल्या. 1895 मध्ये पती नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं वेगळं राहणं झालं. परत नांदायला आल्यावरही सोवळंओवळं चालूच होतं. ते हळूहळू गळत गेलं आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचलेल्याला ठाऊक असतं की त्या बाईंनी स्वतःवर हसत हसत हा प्रवास सांगितला आहे. टिळक गेल्यावर त्यांचं अर्धवट ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुरं करायला बसल्या त्या लक्ष्मीबाईच, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. त्यातला मोठा भाग त्यांच्या हातचा आहे. टिळकांचे अभंग मराठी उपासनांत आजही गायले जातात.

आशा भाकरीसारखी

बायांना प्रार्थनेतून काय मिळतं, असं विचारलं तर उत्तर बहुधा ‘शांती’ असं येतं. पण या शांतीला पायाही लागतो. 1894 मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेला मिशन हॉस्पिटल उभारलं आणि तिथे परिचारिकांचं शिक्षण सुरू झालं. जातपात मानणाऱ्या घरांना रक्त-मळ हाताळायचं काम नको होतं, ते ख्रिस्ती मुलींनी उचललं आणि गावात ज्यांना विहिरीवर जागा नव्हती त्यांना लोक ‘सिस्टर’ म्हणू लागले. बेळगावात मेथडिस्टांची वनिता विद्यालय ही मुलींची शाळा, कोल्हापुरात एस्तेर पॅटन यांच्या नावाची शाळा. शिक्षिका आणि नर्स, या दोन वाटांनी इथल्या अनेक ख्रिस्ती घरांची पहिली कमावती पिढी बायांची झाली.

निपाणीत आणखी एक गोष्ट नजरेआड करू नये. तंबाखूच्या वखारीत आणि विडी वळण्यात राबणाऱ्या सर्व धर्मांच्या बाया 1980 च्या आसपास कामगार संघटनेत एकवटल्या. त्यांच्या लढ्यावर युगांतर या स्त्रियांच्या गटानं 1982 मध्ये माहितीपट केला. मोर्च्यात माईक हातात घेऊन बोलणारी बाई आणि सभेत साक्ष देणारी बाई यांच्यात फरक आहेच. एकीचं बोलणं मालकाला उद्देशून, दुसरीचं देवाला. पण उठून उभं राहायला लागणारा धीर मला एकाच जातीचा वाटतो. भक्तीमुळे बाया अन्याय निमूट सोसतात, हे म्हणणं काही घरांत खरं ठरतं. सगळ्या घरांत ठरत नाही.

साक्षीत अपेक्षेचं ओझं मात्र जड असतं. बरं होण्याची साक्ष दिली जाते, बरं न होण्याची दिली जात नाही. प्रार्थना करूनही मूल गेलं, अशी बाई त्या दिवशी मागे बसून राहते. शहाणे पाळक तिच्याकडे आधी जातात, आणि औषध बंद करू नका हेही सांगतात.

कागदावरची ओळख

मनातली ओळख आणि दाखल्यावरची ओळख यांचं जुळेलच असं नाही. 1950 च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू, आणि पुढच्या दुरुस्त्यांनी शीख व बौद्ध, यांनाच हा दर्जा मिळतो. ख्रिस्ती झालेल्या दलित कुटुंबाला मिळत नाही. म्हणून बाप्तिस्मा घ्यावा का, हे ठरवताना आईला मुलीची शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाची जागा यांचाही विचार करावा लागतो.

लग्नाच्या बाबतीत 1869 चा घटस्फोट कायदा बाईवर उघड अन्याय करणारा होता. नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार एवढं कारण पुरे, बायकोला मात्र व्यभिचारासोबत क्रौर्य किंवा सोडून जाणंही सिद्ध करावं लागे. मुंबई उच्च न्यायालयानं 1997 मध्ये यावर आघात केला आणि 2001 मध्ये संसदेनं कायदा दुरुस्त केला.

आणि थेट बेळगावचीच गोष्ट. डिसेंबर 2021 मध्ये कर्नाटक विधानसभेनं धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं ते इथल्या सुवर्ण विधानसौधातल्या अधिवेशनात. 2022 मध्ये त्याचा कायदा झाला. धर्म बदलू इच्छिणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना तीस दिवस आधी कळवायचं. बेकायदा धर्मांतर करवल्यास तीन ते पाच वर्षं कैद, पण ज्याचं धर्मांतर झालं ती व्यक्ती अल्पवयीन, अनुसूचित जाती-जमातीची किंवा स्त्री असेल तर तीन ते दहा वर्षं. म्हणजे सज्ञान, शिकलेली, कमावती बाईसुद्धा आपला देव निवडण्याच्या बाबतीत अजाण मुलाच्या रांगेत. धर्मांतराच्या बाजूचे असोत की विरोधातले, रमाबाईंचा पत्रव्यवहार वाचलेल्या माणसाला ही कल्पना पटणं कठीण. जून 2023 मध्ये नव्या मंत्रिमंडळानं हा कायदा मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला.

वेदीच्या अलीकडे

कॅथलिक चर्चमध्ये बाईला पुरोहित होता येत नाही. प्रोटेस्टंटांत चर्च ऑफ साउथ इंडियानं 1970 च्या दशकातच स्त्रियांच्या दीक्षेला मान्यता दिली, आणि 2013 मध्ये पुष्पा ललिता या तिथल्या पहिल्या महिला बिशप झाल्या. मेथडिस्टांतही स्त्रियांना पाळक होता येतं. तरीही रविवारी उपदेश करणाऱ्यांत बाया अजून थोड्याच दिसतात. महिला मंडळाची वर्गणी, आजाऱ्यांच्या भेटी, नाताळचा फराळ, संडेस्कूल, उपवास-प्रार्थनेची साखळी हे सगळं त्यांच्याकडे. जमीन, इमारत आणि बँकेचं खातं यांचे निर्णय घेणाऱ्या समितीत मात्र त्यांच्या एक-दोन खुर्च्या.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जगभर महिलांचा प्रार्थना दिन पाळला जातो. दर वर्षी एका देशातल्या स्त्रिया त्याची उपासना लिहून देतात आणि त्या दिवशी वेगवेगळ्या चर्चमधल्या बाया एकत्र जमून ती चालवतात. शास्त्र बाई वाचते, उपदेश बाई करते, अर्पण बाई गोळा करते. त्यानंतरच्या रविवारी उपदेशाला कोण उभं राहायचं, हे अजून समितीच ठरवते.