ताप आणि हायडॅटिडची गांठ
रत्नागिरीकडे पावसाळ्यांत ताप आला कीं हिंवताप किंवा लेप्टोस्पायरोसिस आठवतो; हायडॅटिड रोगाची शंका क्वचितच येते. ‘आमचें घर शाकाहारी’ हें समाधानहि येथें व्यर्थ होय. कुत्र्याच्या विष्ठेंतून पडणारीं या फीतकृमीचीं अंडीं न धुतलेल्या भाजीवाटे वा हातांवाटे पोटांत जातात. मग यकृतांत किंवा फुप्फुसांत पाण्याची गांठ वर्षानुवर्षें मुकाट्यानें वाढते. तोंवर ताप बहुधा नसतो. गांठ फुटली किंवा तिच्यांत पू झाला, म्हणजे मात्र ताप व वेदना सुरू होतात. फुटल्यास अंगावर पित्तहि उठतें, प्रसंगीं प्राणावर बेततें. म्हणून उजव्या बरगडीखालीं दुखून ताप येत असेल, तर काढ्यावर न विसंबतां डॉक्टरांकडून सोनोग्राफी करवावी. कुत्र्यास खाटिकाकडील कच्चें काळीज मिळूं देऊं नये, जंताचें औषध वेळेवर द्यावें, आणि मुलांस जेवणापूर्वीं हात धुण्याची शिस्त लावावी, इतकेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.