वरच्या अंगाची घाण
राहू बेट मुळा-मुठेच्या खालच्या अंगाला. पुण्यात नदीत मिसळलेली घाण इथल्या उसापर्यंत न बोलावता येते. सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. आपण एक पॅकेज, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला तयार कोड, घेतो, ते दुसऱ्यावर उभं असतं, दुसरं तिसऱ्यावर. डिसेंबर 2021 मध्ये जावा प्रोग्रामच्या नोंदी ठेवणाऱ्या 'लॉगफोरजे' या पॅकेजमधली सुरक्षेची फट उघड झाली, तेव्हा गूगलच्या पाहणीत मेवन सेंट्रल या भांडारातली 35 हजारांवर जावा पॅकेजं बाधित निघाली. त्यांतल्या 80 टक्क्यांहून अधिक पॅकेजांत दोष एका पायरीपेक्षा खोल होता.

आपल्या आणि सदोष पॅकेजच्या मधल्या पॅकेजचा कर्ता सुधारणा करील, तोवर थांबावं, असं काहींचं म्हणणं. पण हल्लेखोर थांबत नाही. मेवन हे साधन वापरत असाल, तर त्याच्या 'पोम' फाइलीत 'डिपेन्डन्सी मॅनेजमेंट'खाली सुरक्षित आवृत्ती नोंदवली, की खोलवरचं पॅकेजही बदलतं. त्यानं चालू काम मोडेल ही भीती खरीच, म्हणून आधी चाचण्या चालवाव्यात. शिवाय लॉगफोरजेची 2.15.0 ही पहिली दुरुस्तीही अपुरी ठरली होती, तेव्हा लक्ष ठेवावंच लागतं. मधल्या पॅकेजनं नवी आवृत्ती घेतली, की आपली नोंद काढून टाकावी. नाहीतर पुढच्या दुरुस्तीला तीच आडवी येते.