काचेचा फुगा आणि संगणक

शहाडनंतरचं स्टेशन आंबिवली. जुन्या लोकांच्या लेखी आंबिवली म्हणजे एनआरसी, मोहन्याची नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन. ती २००९मध्ये बंद पडली. व्हिस्कोज रेयॉनच्या धंद्यात लगदा आधी कॉस्टिक सोड्यात भिजतो, मग कार्बन डायसल्फाइडमुळे त्याचं घट्ट द्रावण होतं आणि बारीक छिद्रांतून गंधकाम्लात सोडलं की त्याचा धागा होतो. एका टोकाला अल्कली, दुसऱ्या टोकाला आम्ल. नदीत सोडायच्या सांडपाण्याला मात्र पीएच ५.५ ते ९ ही सर्वसाधारण मर्यादा. ज्या उल्हास नदीतून कल्याण-डोंबिवली पाणी पिते, तिच्या काठी हा आकडा क्षुल्लक नाही. तासातासाने रजिस्टर भरलं, तरी दोन नोंदींच्या मधे आम्लाचा लोट येऊन निघून जाऊ शकतो. म्हणून पीएच मोजणारा प्रोब थेट संगणकाला जोडायचा.

वाटतं तेवढं ते सरळ नाही. प्रोबच्या टोकाला पातळ काचेचा फुगा असतो आणि पीएच एकने बदलला की २५ अंश सेल्सिअसला फक्त ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. ७ला शून्य, आम्लात धन, अल्कलीत ऋण. त्यातून काचेचा विरोध दहा कोटी ओहमच्या आसपास. साधा मल्टिमीटर लावला तर तोच तो विद्युत दाब ओढून घेतो. १९३४मध्ये अर्नॉल्ड बेकमन यांनी कॅलिफोर्नियातल्या लिंबाच्या रसाची आंबटाई मोजायला व्हॅक्यूम ट्यूबचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला, तो याच अडचणीमुळे. आज तेच काम नखाएवढी चिप करते.

मुलं कॉलेजच्या प्रकल्पात प्रोब थेट आर्डुइनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला लावतात, तिथे फसतात. आर्डुइनो उनोची एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे पीएचच्या ०.०८ची, आणि ऋण दाब तर त्याला वाचताच येत नाही. मधे अ‍ॅम्प्लिफायरचा बोर्ड हवाच. कारखान्यात ट्रान्समीटर हे काम करतो आणि पुढे ४ ते २० मिलिअँपिअरचा प्रवाह पाठवतो: ४ म्हणजे पीएच ०, २० म्हणजे १४, मधले १२ म्हणजे ७. ही ४पासूनची सुरुवात मला फार शहाणपणाची वाटते, कारण वायर तुटली की प्रवाह शून्यावर येतो आणि बिघाड लगेच कळतो.

संगणकात वेळ, तापमान आणि पीएच लिहिला जातोच. त्याच्या शेजारी कच्चे मिलिव्होल्टही ठेवावेत, म्हणजे कॅलिब्रेशन चुकलेलं निघालं तरी जुन्या नोंदी नव्याने काढता येतात. कॅलिब्रेशन पीएच ७ आणि ४च्या बफरने, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणाने. पाणी अल्कलीकडे झुकत असेल तर ९.२ही. प्रोब डिस्टिल्ड पाण्यात ठेवायचा नाही, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवायचा. पुसताना घासायचा नाही, टिशूने नुसता टिपायचा. गढूळ सांडपाण्यात फुग्यावर थर चढतो, आकडा सुस्तावतो, आणि ते फक्त बफरमध्ये बुडवल्यावरच उघडं पडतं.

सगळ्यात फसवा बिघाड फुग्याला तडा जाण्याचा. काच तडकली की आतबाहेर विद्युत दाबाचा फरक उरत नाही. शून्य मिलिव्होल्ट म्हणजे पीएच ७. तुटलेली वायर बोंब मारते, फुटलेली काच मात्र स्क्रीनवर सज्जनासारखा आकडा दाखवत बसते, आणि नियमाच्या भाषेत तो अगदी बिनचूक असतो. आलेखावर दिवसभर ७ची रेघ सरळ दिसली तर खूष होऊ नये. प्रोब काढून ४च्या बफरमध्ये बुडवावा. रेघ खाली उतरली तर पाणी खरंच चांगलं. नाही उतरली तर नवा प्रोब मागवायचा, आणि मागच्या किती दिवसांच्या नोंदी रद्द करायच्या याचा हिशेब बसून मांडायचा.