तेल काळं, चेन ढिली

सकाळी थंड गाडीला स्टार्टर मारला की दोन-तीन सेकंद बॉनेटखाली खडखडाट होतो आणि आपोआप थांबतो. ‘डिझेल आहे, एवढं चालायचंच’ म्हणून मालक पहिला गियर टाकतो. लाखावर किलोमीटर झालेल्या गाडीत हा आवाज टायमिंग चेनचा असण्याची दाट शक्यता असते.

क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक झाला पाहिजे. तसं झालं तरच व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात-मिटतात, आणि हा हिशेब चेन सांभाळते. ती बेल्टपेक्षा दणकट खरी, पण ‘इंजिनाला जन्मभर पुरते’ हे शोरूममधलं आश्वासन मात्र जरा सैलच म्हणायचं.

मारुती स्विफ्ट, डिझायर, टाटा इंडिका व्हिस्टा, फियाट पुंटो या सगळ्यांत फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन होतं. त्यातली कितीतरी पुण्याजवळ रांजणगावला बनली. बीएस-६ आल्यावर २०२०मध्ये मारुतीने डिझेल बंद केलं, तरी आपल्या रस्त्यांवर हे इंजिन अजून भरपूर दिसतं. त्यात चेनच आहे. ताशी सरासरी ४० किलोमीटर वेग आणि २००० आरपीएम धरले, तर लाखभर किलोमीटरमध्ये क्रँकचे ३० कोटी फेरे होतात. स्प्रॉकेटवर चढताना आणि उतरताना दर कडी पिनेभोवती थोडी वळते. झीज होते ती तिथे. चेन लांब होते, पण पोलाद ताणल्यामुळे नव्हे. जुन्या सायकलची चेन होते तशीच, सांधे झिजून. एका सांध्यात ०.०२ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा तिसरा-चौथा हिस्सा झिजला, तर शंभर सांध्यांत चेन दोन मिलिमीटरने वाढते.

झिजवते ती तेलातली काजळी. सांध्याच्या पोलादावर तेलातल्या रसायनांचा एक संरक्षक थर बसलेला असतो. काजळीचे कण तो खरवडत राहतात. गावातल्या गावात छोट्या फेऱ्या, लांबवलेलं ऑइल चेंज, डिपस्टिकवर खाली गेलेली पातळी या सगळ्यांनी झीज वाढते. थेट इंधन फवारणाऱ्या पेट्रोल इंजिनांतही काजळी होते. म्हणूनच २०२०पासून लागू झालेल्या ‘एपीआय एसपी’ या तेलाच्या दर्जात चेनच्या झिजेची वेगळी चाचणी आहे.

वाढलेली ढील टेन्शनर खाऊन टाकतो. तो चालतो तेलाच्या दाबावर. रात्रभरात तेल खाली उतरलेलं असतं, त्यामुळे दाब येईपर्यंत चेन गाइडवर आपटते; सकाळचा खडखडाट तो हाच. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं असेल, तर सौदा दुसऱ्या दिवसावर ढकला.

टेन्शनरने ढील घेतली तरी कॅम मागे पडायचा तो पडतोच. मग गाडी उशिरा स्टार्ट होते, ओढ कमी होते, स्कॅनरवर क्रँक आणि कॅमचा मेळ नसल्याचा पी००१६ कोड येतो. त्याहीपुढे रेटलं तर चेन दात सोडते. मल्टिजेटमध्ये तेव्हा बऱ्याचदा रॉकर मोडतात आणि त्यांच्यावर निभावतं. सगळ्याच इंजिनांचं नशीब एवढं चांगलं नसतं. कुठे व्हॉल्व्ह वाकतात, कुठे पिस्टनही जातो.

बदलताना नुसती चेन टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर जाते, म्हणून स्प्रॉकेट, टेन्शनर, गाइड असं पूर्ण किटच घालावं. आणि काम झालं की चांगला मिस्त्री लगेच स्टार्टर मारत नाही. पान्याने क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवतो, खुणा पुन्हा जुळवतो. मध्ये कुठे अडलंच, तर सगळं परत उघडतो.