३०१ की कॅनॉनिकल? पान एक, पत्ते चार

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी रसायनीनंतर आपट्याला येते. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा धावत्या गाडीत चढण्याचा शेवटचा प्रसंग याच स्टेशनावर चित्रित झाला. १९९५चा तो सिनेमा, पण त्याचे चाहते अजूनही हे स्टेशन शोधतात. समजा, पाताळगंगेच्या काठी पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या एका कुटुंबाने आपल्या संकेतस्थळावर स्टेशनबद्दल एक पान लिहिलं. वर्ष-दोन वर्षांत तेच पान चार पत्त्यांवर उघडू लागतं: जुना एचटीटीपीचा, नवा एचटीटीपीएसचा, व्हॉट्सअ‍ॅपवरून किती जण आले ते मोजायला मागे शेपूट लावलेला आणि छपाईसाठीचा. मग कोणीतरी छातीठोक सांगतं, ‘सगळीकडे कॅनॉनिकल टाका, झालं काम!’

होत नाही. ३०१ हा रिडायरेक्ट म्हणजे सर्व्हरचं उत्तर असतं: पान कायमचं हललं, नवा पत्ता हा. ते वाचकाचा ब्राउझर पाळतो आणि गूगलचा बॉटही. कॅनॉनिकल ही पानाच्या हेड भागातली एक ओळ. वाचक जिथे आहे तिथेच राहतो, त्याला ती दिसतही नाही. सारख्या पानांपैकी मूळ कोणतं धरावं, एवढंच ती शोधयंत्राला सुचवते. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने ती फेब्रुवारी २००९मध्ये एकत्रच स्वीकारली.

त्यामुळे निवडीचा प्रश्न माझ्या मते एकच: त्या पत्त्यावर पान उघडलेलं कोणाला हवं आहे का? एचटीटीपीचा पत्ता कोणालाच नको, तिथे ३०१. शेपूट ३०१ने छाटलं तर मोजणी बुडू शकते, आणि छपाईचं पान लोकांना लागतंच. तिथे कॅनॉनिकल.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे कॅनॉनिकल हा हुकूम आहे असं मानणं. गूगल त्याला वजनदार संकेत मानतं, पण रिडायरेक्ट, साइटमॅप, अंतर्गत दुवे यांच्यासोबत तोलून बघतं. कॅनॉनिकल नव्या पानाकडे बोट दाखवतंय आणि तुमच्या मेनूतले दुवे जुन्याच पानाकडे जाताहेत, असं असेल तर गूगल आपल्या मनाचं पान निवडू शकतं. कोणतं निवडलं, ते गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये दिसतं. काही जण तर कॅनॉनिकल टाकतात आणि तेच पान रोबॉट्स फाइलमध्ये अडवूनही ठेवतात. बॉट आतच गेला नाही तर ती ओळ वाचणार कोण? स्टेशनच्या पानाचं वजन कर्नाळा अभयारण्याच्या पानाला मिळावं म्हणून तिकडे कॅनॉनिकल लावणं हीसुद्धा फुकटची हुशारी. मजकूर वेगळा असेल तर गूगल ती सूचना सहसा बाजूला ठेवतं.

‘३०१ने रँक गळते’ हे वाक्य अजून ऐकू येतं. गूगलच्या गॅरी इलिस यांनी २०१६मध्येच जाहीर सांगितलं होतं की ३००च्या घरातल्या रिडायरेक्टमुळे पेजरँक कमी होत नाही. नुकसान होतं ते साखळीने: एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर, तिथून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर, तिथून नव्या पानावर. गूगलचा बॉट दहा उड्यांपर्यंत येतो. कमकुवत नेटवर्कवरचा माणूस मात्र तोवर कंटाळतो. काढून टाकलेली सगळी पानं मुखपृष्ठाकडे वळवणंही निरुपयोगी. गूगल त्यांना बहुधा ‘पान नाही’ असंच धरतं. आणि पावसाळ्यापुरत्या खोल्या बंद असतील तर ३०२ म्हणजे तात्पुरता रिडायरेक्ट वापरा, कारण ब्राउझर ३०१ लक्षात ठेवून बसतात.

सारख्या मजकुराला गूगल शिक्षा करतं, ही भीतीही अनाठायी. फसवणुकीचा हेतू नसेल तर ते त्यातलं एक पान निवडतं, इतकंच.

नावं बदलतात तेव्हा खरी कसोटी लागते. कुलाबा जिल्ह्याचा रायगड १९८१ साली झाला, तेव्हा संकेतस्थळं नव्हती. औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही नावं २०२३मध्ये बदलली, तेव्हा होती. पत्त्यातच जुनं नाव असेल आणि पान नव्या पत्त्यावर न्यायचं असेल तर ३०१ लावायचा. तो किमान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. मी म्हणेन, काढूच नका, कारण दुसऱ्यांनी दिलेले जुने दुवे वर्षाने संपत नाहीत. विकिपीडिया मात्र याच कामाला कॅनॉनिकल वापरतो. तिथे पुनर्निर्देशित नावाने गेलात तर सर्व्हर ३०१ देत नाही. लेख उघडतो, आपण कोणत्या नावावरून आलो त्याची टीप वर दिसते आणि हेडमध्ये मूळ लेखाचा पत्ता असतो. टीप दाखवायची असल्याने त्यांना ते सोयीचं.

मराठी पत्त्यांची एक अडचण इंग्रजीच्या सल्लागारांना सहसा ठाऊक नसते. ‘किनाऱ्यावर’मधला ऱ्य कोणी ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन टाइप करतं, कोणी साध्या र नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना फरक कळत नाही, पण सर्व्हरसाठी ते दोन वेगळे पत्ते ठरू शकतात आणि हाताने टाइप केलेला दुवा तुटतो. तिथे कॅनॉनिकल काही करू शकत नाही, कारण ते ज्या पानात लिहायचं ते पानच त्या पत्त्यावर नसतं. तिथे ३०१च लावावा लागतो.