पहिल्या पानावरचा २५१ रुपयांचा फोन

मडके घेताना आपल्या आयाबहिणी काय करतात, हे सांगायला नको. बोटाने टिचकी मारतात. आवाज खणखणीत आला तर पैसे काढतात, बदबद आला तर मडके जागेवर ठेवून पुढच्या ढिगाकडे वळतात. साडीचा पदर उलगडून उजेडात धरतात, तांदळाचे दोन दाणे दाताखाली घालून पाहतात. दहा रुपयांची कोथिंबिरीची जुडीसुद्धा उलटीपालटी केल्याशिवाय पिशवीत जात नाही. अशी आपली माणसे छापील बातमी मात्र टिचकी न मारता घरात घेतात. त्यातून बातमी एखाद्या नव्या यंत्राची असली आणि त्यापुढे 'गरिबांसाठी' हा शब्द लावलेला असला, तर मग बोलायलाच नको.

फेब्रुवारी २०१६ ची गोष्ट आठवा. त्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात देशातल्या मोठमोठ्या दैनिकांच्या पहिल्या पानावर पानभर जाहिरात झळकली. 'फ्रीडम २५१' नावाचा स्मार्टफोन, किंमत २५१ रुपये फक्त. घरपोच पाठविण्याचे ४० रुपये वेगळे, म्हणजे सगळे मिळून २९१. नोएडाची 'रिंगिंग बेल्स' नावाची कंपनी. ही कंपनी सप्टेंबर २०१५ मध्ये स्थापन झालेली, म्हणजे जेमतेम पाच-सहा महिन्यांचे लेकरू. फोन बाजारात आणण्याच्या सोहळ्याला मुरली मनोहर जोशी यांच्यासारखे ज्येष्ठ नेते हजर. त्या वेळचे संरक्षणमंत्री, गोव्याचे मनोहर पर्रीकर येणार असल्याचेही कंपनीने जाहीर केले होते, पण ते काही आले नाहीत. १८ तारखेला सकाळी सहा वाजता इंटरनेटवर नोंदणी सुरू झाली आणि थोड्याच वेळात कंपनीची वेबसाइट बंद पडली. मग वेबसाइट बंद पडल्याचीही बातमी झाली. जणू दुकानाचे शटर पडले हाच माल चांगला असल्याचा पुरावा!

आता हिशोब करू. तो करायला इंजिनिअर लागत नाही, घरखर्चाची वही सांभाळणारी बाई पुरे. चार इंचांचा काचेचा पडदा, १ जीबी रॅम, ८ जीबी साठवण, दोन कॅमेरे, बॅटरी, चार्जर आणि वर खोके. एवढे सगळे २५१ रुपयांत कोठून येणार? कंपनी म्हणाली, माल भारतात बनवू म्हणजे जकात वाचेल, दुकानदार मधे नसेल, लाखोंनी फोन बनवू म्हणजे खर्च उतरेल. ठीक आहे. सगळा कर माफ धरू, दुकानदाराचा नफा शून्य धरू. तरीही भांडे विकणारा पत्र्याच्या किमतीखाली कसा जाणार? मोबाइल बनविणाऱ्यांच्या 'इंडियन सेल्युलर असोसिएशन' या संघटनेने सरकारला पत्र लिहून स्पष्ट सांगितले, की सवलत धरली तरी असा फोन साडेतीन हजारांच्या खाली जाऊ शकत नाही. मुंबईचे तेव्हाचे खासदार किरीट सोमय्या यांनीही शंका घेतली आणि पुढे पोलिसांत तक्रार केली.

पण शंका घेण्याइतके आधीच हाताशी होते. सोहळ्यात पत्रकारांना जो नमुन्याचा फोन दिला, त्यावर एका जागी पांढरा व्हाइटनर फासलेला होता. होय, तोच, शाळेच्या वहीत चूक खोडायला मुले वापरतात तो. काही चौकस पत्रकारांनी तो नखाने खरवडला. खाली नाव निघाले 'अ‍ॅडकॉम'. म्हणजे दुसऱ्याच कंपनीचा, बाजारात आधीपासून असलेला फोन! अ‍ॅडकॉमवाल्यांनी सांगितले, की आम्ही हे फोन रिंगिंग बेल्सला ३,६०० रुपयांना एक या भावाने विकले, पुढे ते काय भावाने विकणार हे आम्हाला ठाऊक नव्हते.

ही व्हाइटनरची गोष्ट आम्हाला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते. एकाच सभागृहात, एकाच दिवशी, एकच फोन अनेकांच्या हाती होता. ज्यांनी तो उलटापालटा करून पाहिला त्यांना नखाएवढ्या श्रमात खरे कळले. ज्यांनी कंपनीने वाटलेला कागद तेवढा वाचला, त्यांनी 'जगातला सर्वांत स्वस्त स्मार्टफोन' असे मथळे दिले. पत्रकार सगळे वाईट नसतात. ज्यांनी नख लावले तेही पत्रकारच होते. पण जाहिरात पानभर आणि शंका आतल्या पानावर, हे प्रमाण कोणी ठरविले? पहिल्या पानाचे पैसे मोजणारा कोण, हे पाहिले की उत्तर सापडते.

पुढे आकड्यांचा पाऊस पडला. थोड्याच दिवसांत ७ कोटींहून अधिक लोकांनी नोंदणी केली, असा कंपनीचा दावा. २०११ च्या जनगणनेत सारा महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा. म्हणजे निम्म्याहून अधिक महाराष्ट्र मावेल एवढी माणसे त्या बंद पडणाऱ्या वेबसाइटवर कोठून शिरली? हा प्रश्न न विचारताच तो आकडा छापला गेला. पैसे भरलेले मात्र, कंपनीच्याच सांगण्यानुसार, ३० हजार. गवगवा वाढला तेव्हा त्यांचे पैसे परत देऊ, फोन हाती पडल्यावर पैसे द्या, असे कंपनीने जाहीर केले. ३० जूनपर्यंत फोन मिळणार होते. ती तारीखही गेली. जुलैमध्ये थोडे फोन वाटल्याचे कंपनीने सांगितले, आणि त्याच सुमारास संस्थापक मोहित गोयल म्हणाला, की एकेका फोनमागे आपल्याला तोटाच होतो आहे. एवढ्यावर न थांबता त्याने सरकारकडे ५० हजार कोटी रुपये मागितले. गाजराची पुंगी, वाजली तर वाजली!

त्या दिवसांत टीव्हीवर आणि चहाच्या टपरीवर एक वाक्य वारंवार ऐकू येई. "२५१ रुपयांना कधी फोन येतो का? लोकांना अक्कलच नाही." या वाक्याचा आम्हाला फार राग येतो. हातगाडीवाल्याने, घरकाम करणाऱ्या बाईने २९१ रुपयांचा विचार केला, तो लोभाने नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज फोनवर, बँकेचा संदेश फोनवर, मुलाच्या निकालाची तारीख फोनवर. २०२० च्या टाळेबंदीत तर शाळाच फोनमध्ये गेली, आणि एका फोनवर तीन भावंडांनी आळीपाळीने शिकण्याची वेळ कितीतरी घरांवर आली. गरज खरी होती, म्हणूनच ती कोणाला तरी विकता आली. आणि अक्कल काढायचीच, तर ज्यांनी पहिले पान विकले त्यांची आधी काढा. घरी बसलेल्या माणसाच्या हाती नमुन्याचा फोन नव्हता. खरवडायला व्हाइटनर नव्हता. त्याच्या हाती फक्त वर्तमानपत्र होते.

हा प्रकार तेव्हाच सुरू झाला असेही नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये तिरुपतीला 'दहा डॉलरचा लॅपटॉप' येणार म्हणून जगभर डंका पिटला गेला. प्रत्यक्षात निघाले ते माहिती साठविण्याचे एक साधन, लॅपटॉप नव्हेच. मग ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' टॅब्लेट आणला. तो खोटा नव्हता, मुलांच्या हाती खरोखर पडला. पण पडदा जोर देऊन दाबावा लागे, यंत्र रडतखडत चाले, बॅटरी लवकर उतरे. तपासणीचे निकष कोणते, यावरून राजस्थानची आयआयटी आणि तो बनविणारी डेटाविंड कंपनी यांचे भांडण जुंपले, आणि काम शेवटी आपल्या पवईच्या आयआयटीकडे आले. २०१२ मध्ये सुधारलेला 'आकाश' आला खरा, पण देशातल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या दप्तरात तो जाणार होता, ते राहूनच गेले.

जुलै २०१७ मध्ये जिओफोन आला तेव्हा मथळे होते 'फुकट फोन'. तो फोन लोकांना मिळाला, बऱ्याच जणांच्या उपयोगी पडला, हे मान्य करायला हवे. पण फुकट म्हणजे काय? आधी १,५०० रुपये अनामत, ती तीन वर्षांनी परत. सप्टेंबरमध्ये अटींचा कागद बाहेर आला तेव्हा कळले, की दरवर्षी निदान १,५०० रुपयांचे रिचार्जही करायला हवे. तीन वर्षांचे झाले ४,५००. याला आपल्याकडे आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात. मथळा जुलैचा मोठ्या अक्षरांत, अटी सप्टेंबरच्या बारीक अक्षरांत.

तेव्हा घरात कोणी अशी बातमी मोठ्याने वाचून दाखवली, तर आधी एवढेच विचारा, की लिहिणाऱ्याने वस्तू हातात घेतली होती का? बातमीत 'कंपनीने सांगितले' हे शब्द किती वेळा आले, तेही बोटांवर मोजा. आजकाल शेती पिकविणाऱ्या, रोग ओळखणाऱ्या, मुलांना शिकविणाऱ्या कृत्रिम बुद्धीच्या यंत्रांच्या बातम्या रोज येतात. त्यांतल्या काही खऱ्याही असतील. टिचकी सगळ्यांनाच मारायची.

फ्रीडम २५१ चे पुढे काय झाले, हे बहुतेकांना ठाऊकच नाही, कारण ते पहिल्या पानावर आले नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये एका वितरकाच्या फसवणुकीच्या तक्रारीवरून मोहित गोयलला पोलिसांनी पकडले, पुढे तो जामिनावर सुटला. जानेवारी २०२१ मध्ये नोएडा पोलिसांनी त्याला पुन्हा अटक केली. या वेळी आरोप होता सुक्यामेव्याच्या व्यापाऱ्यांना फसविल्याचा, आधी थोडे पैसे देऊन माल उचलायचा आणि बाकीचे बुडवायचे असा. त्या बातम्यांत त्याची ओळख करून दिलेली होती, '२५१ रुपयांच्या फोनवाला'. त्या फोनची जाहिरात कोणकोणत्या दैनिकांनी पहिल्या पानावर पानभर छापली होती, हे आम्ही पाहिलेल्या एकाही बातमीत नव्हते.